शास्त्रीजींच्या मृत्यूचा तो एक कागद

मा. केंद्रीय गृहमंत्री यांस,
सादर नमस्कार.

आमची आजी सोमवारी रात्री जेवत नसे. १९६५ च्या युद्धाच्या वेळी धान्याची टंचाई होती, तेव्हा शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. युद्ध संपलं, टंचाई संपली, आजीचा सोमवार सुटला नाही. शास्त्रीजींचा विषय निघाला की ती एवढंच विचारायची, "पोस्टमार्टम का नाही केलं रे?"

मला आजही तिला उत्तर देता आलं नसतं.

१० जानेवारी १९६६ ला सोव्हिएत संघातल्या ताश्कंदमध्ये भारत-पाकिस्तान करारावर सह्या झाल्या. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथेच होते. त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजी गेले. त्यांचे डॉक्टर चुघ आणि सोव्हिएत डॉक्टर यांनी हृदयविकाराचा झटका हे कारण दिलं. शवविच्छेदन ना तिथे झालं, ना दिल्लीत. पार्थिव घरी आलं तेव्हा पत्नी ललिताजींना अंग निळसर दिसलं, आणि विषाची शंका तिथून जी सुरू झाली ती आजतागायत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर झटकाच असावा. त्यांना आधीही हृदयविकाराचा त्रास झाला होता, आणि शव टिकवण्यासाठी दिलेल्या रसायनांनीही त्वचेचा रंग पालटतो. पण हे नुसतं मत झालं. दर जानेवारीत मोबाइलवर फिरणारे मेसेज मात्र छातीठोकपणे सांगतात: कधी खानसाम्याने विष घातलं, कधी अमेरिकेने, कधी रशियाने, कधी घरच्याच पक्षातल्या कुणी. ज्यांच्यावर असं खुनाचं बालंट येतं ती माणसं आता हयात नाहीत. त्यांच्या मुलानातवंडांनी कुठला कागद दाखवून ते झटकायचं?

२००९ मध्ये माहिती अधिकारात विचारणा झाली, तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने या मृत्यूविषयी एक गोपनीय कागद आपल्याकडे असल्याचं मान्य केलं आणि परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून तो द्यायला नकार दिला. पुढे २०१८ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितलं की ही गोपनीय कागदपत्रं पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांसमोर ठेवावीत, म्हणजे ती खुली करण्याचा विचार त्यांना करता येईल. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. तो कागद आपल्या टेबलावर आला का? आपण वाचलात का?

नेताजींच्या बाबतीत सरकारने हे करून दाखवलं आहे. २३ जानेवारी २०१६ ला शंभर फायली राष्ट्रीय अभिलेखागारातून खुल्या झाल्या. तैहोकूच्या (आजच्या तैपेईच्या) ज्या विमान अपघातात नेताजी गेल्याचं सांगतात, त्यावरचा वाद मिटला नाही, हे खरं. पण निदान आता फायलीतलं पान पुढे करून भांडता येतं. शास्त्रीजींच्या बाबतीत तेही नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मध्ये वाट आहे. गुपित उघड होण्याच्या हानीपेक्षा लोकहित मोठं ठरत असेल, तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. माझी विनंती आहे की ते कलम वापरून तो कागद खुला करावा. आणि तरीही नकारच द्यायचा असेल, तर सोव्हिएत संघ १९९१ मध्येच विसर्जित झाला. आता नेमक्या कोणत्या देशाशी संबंध बिघडतात, एवढं तरी लेखी कळवावं.

आपला,
एक नागरिक