वाकलेली रेघ गाळू नकोस

भांडुप, मुंबई

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, काचेच्या मण्यांच्या नळीतला पाण्याचा प्रवाह वाढवला की दाब-वेगाच्या आलेखाची रेघ वाकते, म्हणून शेवटचे आकडे गाळणार आहेस. गाळू नकोस. वाळूसारख्या थरातून जाणाऱ्या पाण्याचा वेग दाबाच्या पटीत वाढतो, हा डार्सीचा नियम संथ प्रवाहापुरताच खरा. वेग वाढला की कणांना वळसे घेताना पाण्याचं जडत्व आडवं येतं, आणि तिथे खर्ची पडणारा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. फोरशहायमर या अभियंत्याने १९०१ साली हेच मांडलं. प्रत्येक आकड्यापुढे रेनॉल्ड्स अंक, म्हणजे पाण्याचं जडत्व त्याच्या चिकटपणाच्या किती पट आहे ते, लिही. तो १ ते १० च्या दरम्यान असताना रेघ वाकू लागली असेल, तर तुझं काम चोख झालंय.

मला खटकतात ते संथ प्रवाहाचे आकडे. तेच मोजमाप सकाळी वेगळं नि दुपारी वेगळं येतं म्हणालीस. पाणी गाळणाऱ्या फिल्टर हाऊसमध्ये नोकरी गेली माझी, त्यामुळे पहिला संशय हवेवर. वाळू वरून स्वच्छ दिसते, पण आत बुडबुडे अडकले की पाण्याची वाट बंद. काचेचे मणी भरलेली नळी खालून, अगदी सावकाश पाण्याने भर. पाणी उकळून गार केलेलं घे. आणि दर वेळी त्याचं तापमान लिही. २० अंशांपेक्षा ३० अंशांच्या पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी असते, त्यामुळे एसीतलं आणि दुपारचं मोजमाप जुळणारच नाही.

डार्सीही पाणीपुरवठ्याचाच माणूस, याचा मला फार आनंद वाटतो. फ्रान्समधल्या दिजाँ शहराला त्याने पाणी आणलं, वाळूच्या उभ्या नळीतून ते सोडून मोजलं, आणि १८५६ च्या आपल्या मोठ्या अहवालात तो नियम मागच्या पुरवणीत छापला. आज मुंबई हायच्या चुनखडीतून तेल कसं वाहील याचा हिशेबही त्याच नियमावर उभा आहे. तेव्हा ‘माझं काम नुसतं पाणी मोजायचं’ असं पुन्हा म्हणू नकोस.

जमलं तर मण्यांचा आकार निम्मा करून बघ. सच्छिद्रता, म्हणजे मण्यांमधल्या मोकळ्या जागेचं प्रमाण, तेवढीच राहील; पारगम्यता, म्हणजे पाणी किती सहज वाहू देते ते, मात्र चौथाईवर येईल. हे स्वतःच्या हाताने मोजलेलं असलं की तोंडी परीक्षेत कुणी काही विचारू दे.

आई विचारते, जेवणाची आबाळ होत नाही ना? मणी किती मिलिमीटरचे आहेत तेही कळव.

तुझे,
बाबा