खोट्या नावाचा माणूस

लातूर

प्रिय मित्र दत्ता यास,
स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. फौजदार झालेल्या तुझ्या पुतण्याला वेष बदलून टोळीत शिरण्याची ओढ लागली आहे आणि आयुष्य फौजदारी वकिलीत घालवलेल्या मित्राने त्याला चार शब्द सांगावेत, असे तू लिहितोस. ज्या जोसेफ पिस्टोनेचे नाव तो सारखे घेतो, त्याच्याबद्दलच आधी लिहितो.

एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा, हा अधिकारी 1976 मध्ये डॉनी ब्रास्को या नावाने, दागिन्यांचा चोर म्हणून, न्यूयॉर्कच्या माफियात शिरला आणि बोनानो टोळीत 1981 च्या जुलैपर्यंत टिकला. रत्नांची पारख त्याने मुद्दाम शिकून घेतली होती. इटालियन वळणाचे घर त्याला जन्मतःच लाभले होते, त्यामुळे बोलण्यावागण्यात तो उपरा वाटला नाही. पुढच्या खटल्यांत शंभराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. तुझ्या पुतण्याला एवढेच आठवते, आणि या वयात ते साहजिकही आहे.

मला मात्र त्या प्रकरणातला डॉमिनिक नेपोलिटानो, म्हणजे टोळीचा ‘सनी ब्लॅक’, विसरता येत नाही. त्याने डॉनीला जवळ केले आणि टोळीचा रीतसर सदस्य करून घेण्याचे मनात धरले. 1981 च्या मे महिन्यात टोळीतल्या तीन म्होरक्यांचे खून पडले, त्यानंतर डॉनीवर एकाला ठार मारण्याची कामगिरी सोपवली गेली, आणि तेव्हा एफबीआयने आपला माणूस बाहेर ओढला. मग एफबीआयच्या अधिकाऱ्यांनीच जाऊन नेपोलिटानोला सांगितले की, डॉनी आमचा आहे. काही आठवड्यांतच टोळीने त्याला मारले. तो सज्जन नव्हता, त्याच्यासाठी मी डोळे पुसणार नाही; पण एखाद्याने टाकलेला विश्वासच त्याच्या मरणाचे कारण ठरावा आणि तो विश्वास आपण नोकरी म्हणून मिळवलेला असावा, हे ओझे घेऊन घरी परतणे सोपे नाही. टोळीने पिस्टोनेवरही पाच लाख डॉलरचे इनाम लावले होते.

आपल्याकडची जुनी रीत निराळी आहे. 1830 च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या टोळ्या मोडल्या, त्या पकडलेल्या ठगांनाच माफीचे साक्षीदार करून. आजही आपले पोलीस मुख्यतः खबऱ्यावर चालतात. वेष बदलणे आपल्याला माहीत नाही असे नाही: लाचलुचपतीचा सापळा असतो, गुटखा किंवा गांजा पकडताना बनावट गिऱ्हाईक पाठवतात. परंतु ते काम काही तासांचे असते आणि शेजारी पंच असतात, पंचनामा होतो. पाच वर्षे टोळीत राहणाऱ्याच्या मागे कोणता पंच फिरणार? ध्वनिमुद्रण नसेल, तिथे उलटतपासणीत त्याचा एकट्याचा शब्द उभा राहतो, आणि तो फाडायला माझ्यासारखे वकील बसलेलेच आहेत. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आपला पुराव्याचा कायदा आरोपीविरुद्ध सहसा मानत नाही. 1999 च्या मोक्कात, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेल्या कबुलीला अपवाद केला आहे, पण तोही ठरावीक अटींवर. समोरचा पोलीस आहे हे माहीत नसताना गप्पांत निघालेल्या शब्दांचे काय, यावर कोर्टात किती वाद घालता येईल, हे मी तुझ्या पुतण्याला समोर बसवून सांगेन.

शिवाय आपल्या मराठवाड्यात खोटे नाव घेऊन राहणार कसा? उदगीरच्या चहाच्या टपरीवर बसलेला अनोळखी माणूस पहिला घोट घेण्याआधीच लोक विचारतात, ‘कोणत्या गावचे? तिथं कोणाचे पाहुणे?’ गाव सांगितले की त्या गावातला एखादा सोयरा निघतोच, आणि संध्याकाळपर्यंत फोन झालेला असतो. ज्याला माहेर नाही, आजोळ नाही, सोयरीक नाही, अशा माणसाला इथे कोणी भाडेकरूसुद्धा ठेवत नाही, मग टोळी कशी ठेवेल? मुंबईच्या गर्दीत कदाचित जमेल.

त्याची हौस मारू नकोस. स्थानिक गुन्हे शाखेत जागा मिळत असेल तर जरूर जाऊ दे. मात्र पहिली काही वर्षे त्याने जुन्या हवालदारांजवळ बसून खबऱ्या कसा सांभाळायचा, त्याचे नाव कागदावर येऊ न देता त्याच्या माहितीवरून पुरावा कसा उभा करायचा, हे शिकावे. दिवाळीत त्याला घेऊन ये. दोन जुने निकाल काढून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव