कबड्डीच्या तैलचित्रातील चुका आणि मूळ छायाचित्र परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : छायाचित्रावरून करून घेतलेल्या तैलचित्राबाबत तक्रार.

महोदय,

माझ्या वडिलांच्या साठीनिमित्त मी आपल्या कंपनीकडे २४ बाय ३६ इंचांच्या तैलचित्राची मागणी नोंदवली होती आणि त्यापोटी १८,५०० रुपये आगाऊ भरले होते. चित्र ठरल्या तारखेनंतर अकरा दिवसांनी, समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मिळाले. उशिराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार चित्राबद्दल आहे.

संदर्भासाठी दिलेले छायाचित्र २००१ सालच्या मार्च महिन्यातले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाच्या शाळेचे जांभ्या मातीचे मैदान, कलते ऊन आणि चढाईला गेलेले माझे वडील असा तो प्रसंग आहे. त्यांचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आहे, मागचा पाय हवेत आहे, तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालू आहे आणि समोर सातही बचावपटू साखळी धरून उभे आहेत. ही चढाई आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, त्या सामन्याला नसलेल्या नातेवाइकांनाही ती पाठ आहे.

आपल्या चित्रकाराने सातातले दोन बचावपटू गाळले, वडिलांचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि त्यांचे तोंड मिटून त्यावर स्मितहास्य रंगवले. कबड्डी जाणणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण आपल्या कार्यालयातून ‘हे किरकोळ बदल आहेत’ असे उत्तर आल्यामुळे लिहितो. समोर किमान सहा बचावपटू असल्याशिवाय बोनस गुण मिळत नाही, मागचा पाय उचललेला नसेल तरी तो मिळत नाही आणि प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला तर चढाईपटू बाद होतो. म्हणजे ज्या बोनस गुणासाठी तो क्षण जपून ठेवला होता, तो गुण आपल्या चित्रात मिळूच शकत नाही. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदानरेषा आणि तिच्यापलीकडे १ मीटरवरची बोनस रेषा या दोहोंची मिळून चित्रात एकच रेषा झाली आहे. फक्कीने आखलेल्या या दोन्ही रेषा छायाचित्रात स्पष्ट दिसतात. चित्र पाहताच वडिलांनी विचारले, “हा दम सोडून हसतोय कशाला?” मला उत्तर देता आले नाही.

दोन खेळाडू चौकटीत बसत नव्हते, असे मला फोनवर सांगण्यात आले. मूळ छायाचित्र ४ बाय ६ इंचांचे आहे आणि कॅनव्हास नेमका त्याच्या सहापट, त्याच प्रमाणातला आहे. तेव्हा कडेचे काहीही कापावे लागण्याचे कारण नव्हते. शिवाय आपण मंजुरीसाठी पाठवलेल्या पेन्सिलीच्या आराखड्यात सातही खेळाडू होते आणि त्यालाच मी होकार कळवला होता.

चित्रकाराला स्वातंत्र्य असते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मागचा विजेचा खांब आणि प्रेक्षकातली ती उघडी छत्री त्याने गाळली असती तर मी आभारच मानले असते. परंतु जिथे कॅमेरा कमी पडला होता, तिथे या स्वातंत्र्याचा मागमूस नाही. फिल्मवर सावल्या काळ्याठिक्कर आल्या होत्या, तशाच त्या सरळ काळ्या रंगात भरल्या आहेत. प्रत्यक्षात उघड्या मैदानावरच्या सावलीत आकाशाचा निळसरपणा असतो आणि तांबड्या मातीचा उजेड खेळाडूंच्या पोटऱ्यांवर परततो. हे दिसावे म्हणून त्याच मैदानाची अलीकडची दोन छायाचित्रे मी मुद्दाम जोडली होती, ती कोणी उघडून पाहिली असे वाटत नाही. कारण जांभ्या मातीच्या जागी हिरवळ आहे आणि अनवाणी खेळाडूंच्या पायांत बूट आहेत. उजव्या खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेले तारखेचे नारिंगी आकडे होते. चित्रात त्या ठिकाणी झेंडूची फुले उगवली आहेत. एरवी मी यावर हसलो असतो.

माझी मागणी अशी आहे की, मंजूर आराखड्याप्रमाणे चित्र कोणताही जादा आकार न घेता नव्याने करून द्यावे किंवा संपूर्ण रक्कम परत करावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावती, मंजूर आराखडा आणि चित्राचे फोटो सोबत जोडले आहेत.

यापैकी काय करायचे ते आपण ठरवेपर्यंत थांबण्याची माझी तयारी आहे, मात्र मूळ छायाचित्रासाठी नाही. स्कॅनिंगसाठी म्हणून आपण ते मागवून घेतले आणि चित्रासोबत परत पाठवले नाही. त्याची दुसरी प्रत नाही आणि निगेटिव्ह २००५च्या पुरात गेली. ते दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, न दुमडता, स्पीड पोस्टाने तात्काळ पाठवावे.

आपला,
एक ग्राहक