लिलावाआधी इमारत तपासून तरी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नगरपालिकेच्या जुन्या मराठी शाळेचं निर्लेखन करून, म्हणजे ती मोडीत काढून, तिथे व्यापारी संकुल बांधणार, ही बातमी आपल्या दैनिकात आली. काही तरुण वास्तुविशारदांचा या कामाला विरोध असल्याचंही तिच्या शेवटी एका ओळीत होतं. त्या मुलांनी काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे. त्याला विरोध म्हणता येणार नाही, म्हणून हे पत्र. गावाचं आणि माझं नाव छापू नये. जळगाव, धुळे, नंदुरबार यांतल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला हे लागू पडेल, आणि मला इथेच धंदा करायचा आहे.

धंदा कुठला ते आधी सांगतो, म्हणजे यात माझा फायदा-तोटा काय ते वाचकांना कळेल. पाडलेल्या इमारतींचा जुना माल मी विकत घेतो आणि विकतो. वडिलांची वखार होती, तीच चालवतो. सरकारी निर्लेखनाचे लिलाव निघाले की अनामत भरून बोली लावतो. शाळाखोल्या, चावड्या, बंद पडलेल्या कापसाच्या जिनच्या शेडी, सगळं घेतलं आहे. ही शाळा लिलावात निघाली तर पहिली बोली माझीच असेल. तिच्या मधल्या दालनाच्या तुळया सातपुड्यातल्या जुन्या सागाच्या आहेत. इतका भरलेला साग नव्या मालात आता बघायला मिळत नाही. पुण्या-नाशिकचे हॉटेलवाले आणि फार्महाऊसवाले असं लाकूड फोन करून मागतात. आमच्या भागातले कोरीव दरवाजे तिकडे काच टाकून टेबलं झाले आहेत. गावात ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्याचा तिकडे घनफुटावर भाव ठरतो. तेव्हा शाळा उभी राहिली तर नुकसान माझं आहे.

आता त्या मुलांविषयी. दोन मुली आणि एक मुलगा, तिघंही तिशीच्या आतले. एक मुलगी आमच्याच गल्लीतली, बाकीचे दोघे तिचे कॉलेजचे सोबती. बाजारपेठेतल्या एका धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराच्या माडीवर त्यांनी ऑफिस थाटलं. थाटलं म्हणजे आधी गळणाऱ्या धाब्यावर नवी खारी माती टाकून घेतली आणि मगच टेबल-खुर्च्या वर चढवल्या. मालक स्लॅब टाकायला निघाला होता, त्याला त्यांनी थांबवलं. गल्लीत हसले लोक. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा शेजारच्या स्लॅबच्या घरातली माणसं दुपारी त्या माडीवर लोळायला येऊ लागली आणि हसणं कमी झालं.

शाळेची पहिली बैठक त्यांनी शाळेच्याच ओट्यावर घेतली. नेहमीचे लोक आले. आजी-माजी नगरसेवक, दोन-चार निवृत्त गुरुजी आणि कुठल्याही सभेला हजर असणारा मी. एकाने वाचनालय सुचवलं, दुसऱ्याने स्मारक, तिसऱ्याने गाळे. गाळ्यांवर टाळ्या पडल्या. आमच्याकडे कुठलीही सरकारी जागा रिकामी दिसली की लोकांना गाळेच दिसतात. बसस्टँडजवळच्या आधीच्या संकुलात वरच्या मजल्यावर कबुतरं राहतात, हे त्या दिवशी कोणी काढलं नाही. मुलांनी सगळं वहीत उतरवलं, सगळ्यांना चहा पाजला. झालं, आता अहवाल येईल, असं मला वाटलं.

पण बाजाराच्या दिवशी ती पुन्हा आली आणि शाळेच्या भिंतीच्या सावलीत भाजी विकणाऱ्या बायांच्या शेजारी पोतं टाकून बसली. ‘तुम्ही पाडाले उनात का?’ पाडायला आलात का, असं एका म्हातारीने सरळच विचारलं. नाही म्हटल्यावर ती मोकळी झाली. या बाया आजूबाजूच्या खेड्यांतून पहिल्या एसटीने येतात आणि दिवस मावळल्यावर परततात. मधल्या सबंध वेळात त्यांना जायला संडास-मुतारी नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. मे महिन्यातसुद्धा. वर्षानुवर्षं त्या भिंतीला टेकून बसल्या असतील, पण हे गाऱ्हाणं आमच्या कुठल्या सभेत आलं नाही, कारण सभा कधी बाजाराच्या दिवशी झालीच नाही. भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरं देवळाच्या मंडपात अभ्यास करतात, त्यांच्याशीही ही मुलं रात्री जाऊन बोलली. त्यांना दोन खोल्या आणि पंखे पाहिजेत. बचत गटाच्या बायांना उन्हाळ्यात बिबड्या आणि पापड वाळत घालायला पटांगण पाहिजे. यातलं काहीच नवीन बांधकाम मागत नाही, हे माझ्यासारख्या व्यापाऱ्याच्याही ध्यानात आलं.

मग त्यांनी जे केलं ते मला सर्वांत आवडलं. कागदावरचा नकाशा बायांना दाखवून उपयोग नाही, हे त्यांना कळलं होतं. चुन्याची फक्की घेऊन त्यांनी पटांगणात खऱ्या मापाने रेघा मारल्या. इथे संडास, इथे हातपाय धुवायची मोरी, इथे पोरांना निजवायची ओसरी. बाया त्या रेघांमधून चालल्या आणि पहिल्याच फेरीत एकीने सांगितलं की दार रस्त्याकडे नको. बसस्टँडवरच्या माणसांच्या देखत कोण बाई आत जाईल? रेघ पुसली, दार विहिरीच्या बाजूला गेलं. असले संडास बांधून कुलूप लावलेले मी गावोगावी पाहिलेत. ते का वापरले जात नाहीत याचा उलगडा मला तिथे झाला.

आता इमारतीकडे येतो, कारण त्यातलं मला कळतं. तिच्या दारावर ‘धोकादायक’ असा कागद चिकटवला आहे. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ खाली पडायला आलेल्या इमारतींना नोटीस देता येते आणि ती द्यायलाच पाहिजे, पावसाळ्यात भिंती कोसळून माणसं मरतात. पण या शाळेत कोणी शिडी लावून वर चढल्याचं शेजारच्या पानटपरीवाल्याने पाहिलेलं नाही, आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. मुलांनी मला विचारलं, काका, लाकूड बघाल का. मी गेलो. निरोगी तुळईवर हातोडी मारली की खणखणीत वाजते, पोखरलेली भद्द वाजते. तुळई मधोमध क्वचित खराब होते, जाते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. तिथे गिरमिटाने बारीक भोक पाडायचं आणि भुगा हातावर घ्यायचा. कोरडा, पिवळसर आला तर बरं. काळपट, ओलसर आला तर टोक गेलं समजायचं. पण टोक गेलं म्हणून तुळई गेली असं होत नाही. कुजलेला हात-दीड हात कापून, खाच पाडून, चांगल्या सागाचा तुकडा जोडता येतो, नाहीतर लोखंडी पट्ट्यांची बैठक करता येते. आमच्याकडचे जुने सुतार हे काम डोळे मिटून करत.

शाळेत पश्चिमेकडच्या काही तुळयांची टोकं गेलेली निघाली. बरोबर त्यांच्याच डोक्यावर कौलांची पन्हळ फुटलेली आहे. वेळेवर पन्हळ बदलली असती तर निर्लेखनाची वेळ आली नसती. व्हरांड्याचे लोखंडी गर्डर ठणठणीत आहेत. त्यांच्यावर ‘डॉरमन लाँग, मिडल्सब्रो’ असा छाप आहे. ही तीच विलायती कंपनी, जिने पुढे सिडनी बंदरावरचा पूल बांधला, तो १९३२ मध्ये खुला झाला. भंगारात किलोवर जाणारं लोखंड हे नव्हे, हे मी भंगाराच्या तराजूवर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो.

मुलांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्यांना भिंतींचा गिलावा काढून वीट उघडी ठेवायची हौस होती, मासिकांत तसे फोटो असतात. आमच्या मिस्तरीने त्यांना भिंतीचा खालचा भाग दाखवला. वीट गावभट्टीची, मऊ. उघडी पडली की लोणा, म्हणजे ओलीतला खार, लागून दोन पावसाळ्यांत झडायला लागेल. मागे कोणीतरी खालच्या दोन-तीन फुटांवर सिमेंटचा गिलावा मारला होता आणि नेमकी तिथेच भिंत जास्त बिघडली, कारण ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, आतल्या आत वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते. मुलांनी उघड्या विटांचा विचार तिथल्या तिथे सोडला. पदवीवाल्याने मिस्तरीचं ऐकून नकाशा बदलल्याचं मी क्वचित पाहिलं आहे. त्यांच्या चित्रांतली माणसं मात्र अजून पुण्यातलीच वाटतात, एकाही डोक्यावर टोपी नाही की पदर नाही. तेही सुधारेल.

हे सगळं परदेशी खूळ आहे, असं सभेत एक सद्गृहस्थ म्हणाले. खूळ असेलही, पण त्याचा हिशोब पक्का आहे. आमच्या गल्लीतल्या मुलीने फ्रान्समधल्या बोर्दो शहराची हकीकत सांगितली. तिथला एक छोटा चौक सुशोभित करायचं काम १९९६ मध्ये लाकातों आणि वासाल या वास्तुविशारद जोडीकडे आलं. दोघं चौकात जाऊन बसले, राहणाऱ्यांशी बोलले आणि पालिकेला कळवलं की चौक छान आहे, खडी बदला, झाडलोट वाढवा, झाडांची निगा राखा, बाकी काही करू नका. याच जोडीला पुढे २०२१ चा प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. आमच्याकडे ‘काही करू नका’ असा अहवाल दिला तर त्याचं बिल कोणत्या शीर्षकाखाली निघेल, कोण जाणे. लंडनच्या ‘असेंबल’ नावाच्या तरुणांच्या गटाने लिव्हरपूलच्या ग्रॅनबी वस्तीतली ओस घरं तिथल्या रहिवाशांसोबत दुरुस्त केली. त्यांना २०१५ मध्ये टर्नर पारितोषिक मिळालं, जे एरवी चित्रकार-शिल्पकारांना मिळतं. आणि परदेशाचं नाव नको असेल तर फैजपूर आपल्या हाताच्या अंतरावर आहे. १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी टिळकनगर ही अधिवेशनाची जागा बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून सजवली होती.

जुनी घरं जपलेली आपल्याकडेही आहेत. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला कलादालन होऊन उभा आहे. जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचा वाडा संग्रहालय झाला आहे. दोन्ही मी पाहिले आहेत, पाहुण्यांना नेऊन दाखवतो. पण दर इमारतीत केकी मूस राहिलेले नसतात. या शाळेत कोणी थोर माणूस शिकल्याचं ऐकिवात नाही, शिकलो आम्हीच, पाढे न येणारे. तिचं स्मारक करायला कोणी सांगत नाही. ती वापरायची आहे, एवढंच.

माझं मागणं मोजकं आहे. कोणतीही सार्वजनिक इमारत निर्लेखनाला काढण्याआधी तिची मापं घेतलेला नकाशा आणि लाकूड-भिंतींची तपासणी झाली पाहिजे, आणि ती झाल्यावर बाजाराच्या दिवशी, इमारतीच्या ओट्यावर वाचून दाखवली पाहिजे. या कामाला पैसे द्या. आज आपल्याकडे इमारतीचं शवविच्छेदन होतं, तपासणी होत नाही. त्या मुलांनी शाळा फुकट मोजली. फुकट मोजणारी पोरं दोन वर्षांनी पुण्याला निघून जातात आणि ती गेली की आम्ही म्हणतो, गावात कोणी टिकत नाही. संकुलाचं अंदाजपत्रक तयार आहे, दुरुस्तीचं कोणी केलेलंच नाही. दोन आकडे शेजारी मांडल्याशिवाय सभागृहाने हात वर करायचे तरी कशावर? त्या आकड्यात मलब्याचाही खर्च धरा. पाडकामाच्या मलब्याचे नियम २०१६ पासून देशात आहेत, पण आमच्याकडे नदीचा काठ हीच मलब्याची जागा. शिवाय नवं सिमेंट येणार, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात.

संडास बांधणं सोपं, धुणं अवघड, ही शंका मलाही आहे. त्यासाठी वेगळा निधी शोधू नका. बाजाराच्या वसुलीचा ठेका दरवर्षी निघतो, पावती त्या बायाच फाडतात. त्याच ठेक्यात रोजच्या सफाईची अट घाला, आणि अट पाळली की नाही याची सही नगरसेवकाची नको, बाजारात बसणाऱ्या बाईची घ्या.

लिलावाची तारीख अजून लागलेली नाही. तपासणी ठरली तर कळवा, गिरमिट घेऊन मी येतो. मजुरी मात्र घेईन.

आपला,
जुन्या इमारती मालाचा एक व्यापारी
(नाव व पत्ता संपादकांकडे)