बाई, त्या खरवडलेल्या डोळ्याबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

बाबांचं तैलरंगातलं व्यक्तिचित्र परवा पूर्ण झालं. म्हणजे आता त्याला हात लावायचा नाही, एवढं ठरवलं.

पहिल्याच बैठकीत मी डावा डोळा रंगवून मोकळी झाले होते. पापण्या, बुबुळ, वर चमकता ठिपका, सगळं. तुम्ही एक शब्द न बोलता पॅलेट नाइफने तो खरवडून काढलात. राग आला होता, खोटं कशाला सांगू! मग म्हणालात, "आधी खोबण रंगव, डोळा नंतर." नाइफच्या टोकावर निव्वळ पांढरा रंग घेऊन तो बाबांच्या डोळ्याशेजारी धरलात. त्यापुढे डोळ्यातलं पांढरं चक्क राखेसारखं दिसलं, कपाळापेक्षाही गडद. इतकी वर्षं मी डोळे न बघताच रंगवत होते.

माझ्या आधीच्या चित्राला तडे गेले, त्याचा दोष मी कॅनव्हासला देत होते. तुम्ही विचारलंत, "खाली काय होतं?" खाली होता जवसाच्या तेलात भिजलेला आयव्हरी ब्लॅक, म्हणजे काळा रंग, आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला थर. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं; वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा हलतच राहिला. म्हणून यंदा तळाला बर्न्ट अंबर, हा मातकट तपकिरी रंग. लवकर वाळतो, आणि तेलही मी बेतानंच घातलं.

त्वचेसाठी तुम्ही चारच रंग दिलेत: पांढरा, आयव्हरी ब्लॅक, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल). स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्नच्या नावाने ओळखली जाणारी ही पॅलेट, म्हणजे रंगांची निवड, मला कंजूषपणाच वाटली होती. पण वाळलेल्या अंबरवर फिकट रंग पातळसा घासला, तर बाबांच्या जबड्यावर दाढीच्या खुंटांची निळसर झाक आपोआप उमटली. पॅलेटवर निळा नव्हताच! मी ब्रश खाली ठेवून नुसती बघत बसले.

डोळ्यातला ठिपका अगदी शेवटी दिला, एकाच टेकणीत. बाबा म्हणाले, "आता सुटका झाली का?"

बाई, वॉर्निशला अजून निदान 6 महिने आहेत. त्याआधी एकदा येऊन बघाल ना? उजवा कान जमलेला नाही, ते मला ठाऊक आहे. नाइफ मात्र घरीच ठेवून या.

तुमची,
डोळा गमावलेली विद्यार्थिनी