बारशाचा स्वेटर विणताना गोव्याची हवा विसरू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मधूनमधून विणकामाचे नमुने येतात त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मराठीत हे आता फारसं कोणी छापत नाही आणि आमच्यासारख्या कितीतरी जणी ती कात्रणं वहीत चिकटवून जपून ठेवतात. पण बरेच दिवस एक गोष्ट लिहायची होती. नमुन्यात "लोकर ४ गुंडे, सुया ८ नंबर" एवढंच असतं. गुंडा किती ग्रॅमचा, धागा किती जाड, लोकर खरी की ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम धागा, काहीच नाही. मग दुकानात रंग आवडला की तोच धागा घेतला जातो, महिनाभर रात्री जागून विणलं जातं आणि बारशाला दिलेला तो स्वेटर कपाटात जातो. देणारीलाही वाईट वाटतं, घेणारीलाही.

आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. रंग छान, स्वस्त, धुवायला सोपं, सगळं खरं, पण ते घाम शोषत नाही. पणजीत जानेवारीतसुद्धा पहाटे २० अंशांच्या आसपास आणि दुपारी ३०च्या वर, त्यात समुद्राची दमट हवा, तिथे दोन महिन्यांच्या बाळाला जाड ॲक्रिलिकचा बंद गळ्याचा स्वेटर आणि वर कानटोपी म्हणजे मानेला घामोळं आलंच समजा. टोपडं घालून बाळाला घरात झोपवू नये असं तर हल्ली डॉक्टरही सांगतात, कारण लहान बाळाच्या अंगातली उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर जाते. म्हणून गोव्यातल्या बाळासाठी सुती धागाच घ्यावा, तोही मऊ, बिनचकाकीचा. चकाकणारा मर्सराइज्ड सुती धागा (जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ च्या सुमारास कॉस्टिक सोड्याची ती प्रक्रिया शोधली म्हणून ते नाव) तोरणाला, टेबलावरच्या रुमालाला उत्तम, त्यात क्रोशाचा एकेक खांब कसा कोरल्यासारखा उठून दिसतो, पण बाळाच्या कातडीला तो जरा कडक पडतो.

आता धागा बदलला की नमुना जसाच्या तसा चालत नाही, आणि हे कोणी सांगतच नाही. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, ओढलं की सैल होतं आणि सैलच राहतं. म्हणून खालची सुलट-उलटची बॉर्डर सुतात विणायची तर दोन नंबरांनी बारीक सुया घ्याव्या, नाहीतर चार धुण्यांत ती घेरासारखी लोंबते. वजनाचंही तसंच. ८ प्लायचं (म्हणजे मध्यम जाडीचं) ॲक्रिलिक १०० ग्रॅममध्ये साधारण ३०० मीटरपर्यंत भरतं, त्याच जाडीचं सूत मात्र २०० ते २५० मीटरच. म्हणजे नमुन्यात लिहिलेत तितकेच ग्रॅम सूत आणलं तर दुसरी बाही अर्धी राहणार, परत दुकानात जावं तर त्याच डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या घाण्यातला, गुंडा मिळेलच असं नाही, आणि शेडमधला तो बारीक फरक उन्हात लगेच दिसतो. धागा मीटरवर मोजून घ्यावा आणि एक गुंडा जास्तच घ्यावा.

सुयांच्या नंबरांचा तर वेगळाच घोळ आहे. आपल्याकडच्या सुयांना जुना ब्रिटिश नंबर असतो, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नमुन्यात बरोबर उलटं, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. मुली हल्ली मोबाईलवर बघून विणतात, तिथला नमुना बहुधा अमेरिकन असतो आणि हातात सुया आपल्या. क्रोशातही तसंच, अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश डबल म्हणतात. म्हणून मिलिमीटर बघायचे आणि आधी एक चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून टाके मोजायचे. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके असतील आणि आपल्या हाताला २० पडत असतील तर ११० टाक्यांचा स्वेटर ५० ऐवजी ५५ सेंटिमीटरचा होतो, बाळाच्या कपड्यात पाच सेंटिमीटर म्हणजे एक अख्खी साईझ. हा तुकडा विणायला एक संध्याकाळ जाते म्हणून बायका तो टाळतात, मला मात्र तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

विणीचंही बघायला हवं. वेणीची वीण घालायची तर साधा, फिकट, एकरंगी धागा घ्या, रंगीबेरंगी धाग्यात एवढ्या कष्टाची वेणी कुठल्या कुठे हरवून जाते, त्या धाग्याला साधी सुलट वीणच शोभते. जाळीची वीण दिसते गोड पण तान्ह्या बाळाच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना नको, भोकात बोटं अडकतात, आतला सुटा धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबून बोट सुजतं. आणि गरम भांडी धरायची फडकी कोणी ॲक्रिलिकची विणून भेट देऊ नका, तापलेल्या कढईला ते वितळतं, हात भाजतो.

ॲक्रिलिक वाईट असं माझं म्हणणं मुळीच नाही. चवथीला बाल्कांवच्या, म्हणजे घरासमोरच्या ओसरीच्या, दारावर लावायचं तोरण मी ॲक्रिलिकचंच करीन, पावसाचं पाणी उडतं, हवा दिवसेंदिवस ओली, सुती तोरणावर काळे ठिपके पडतात आणि ॲक्रिलिकला बुरशी सहसा धरत नाही, उन्हातही रंग टिकतो. खऱ्या लोकरीचीही जागा आहे. गोव्यातली किती घरं बघा, कोणाचा मुलगा इंग्लंडात स्विंडनला, कोणाची सून लिस्बनला, त्यांच्या बाळांसाठी लोकरच पाठवा, ती ओल शोषूनही अंगाला ऊब देते. फक्त मशीनमध्ये धुता येते असं लेबलवर लिहिलेली घ्या, साधी लोकर गरम पाण्यात फिरली की आटून नमद्यासारखी घट्ट होते, आणि नोकरी सांभाळून मूल वाढवणारी मुलगी हाताने धूत बसणार नाही. गुंड्याचं लेबल भेटीबरोबरच द्या.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की यापुढे नमुना छापताना धाग्याचा प्रकार आणि जाडी, लागणारे मीटर, सुई मिलिमीटरमध्ये आणि १० सेंटिमीटरातले टाके या चार गोष्टी छापाव्यात, जागा दोन ओळींचीच लागेल. आणि म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानदारांनाही सांगणं आहे की सुटा धागा विकताना लेबल काढून टाकू नका आणि मऊ सुती धागा चार रंगांत तरी ठेवा, गिऱ्हाईक आहे, आम्ही विचारून विचारून रिकाम्या हाताने परत येतो.

आपली,
एक वाचक, फोंडा