स्वेटरचं कळवलंस, मग तेच का नाही?

रेडिंग,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मनू,

अनेक उत्तम आशीर्वाद. (तुझे आजोबा पत्राची सुरुवात अशीच करायचे. मला दुसरी येत नाही.)

मुद्दाम मराठीत लिहितेय. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली जोडाक्षरं गंजली असतील, तर सावकाश वाच. तुझ्याकडे फ्री पिरियड भरपूर आहेत. शिवाय हे पत्र तुमच्या निवासी शाळेच्या कॉमन रूममध्ये टोस्टरशेजारी उघडं पडलं, तरी कुणाला काही कळायचं नाही.

आधी बुधवारचं. फर्दर मॅथ्स, तो गणिताचा जादा विषय, तू आम्हाला न सांगता सोडलास, त्यावरून "एवढे पौंड मोजतोय आम्ही" हे मी फोनवर बोलायला नको होतं. फीचा हिशोब आमचा आहे. बर्सरीसाठी, म्हणजे फीत सवलत मिळावी म्हणून, दोघांच्या पगाराच्या स्लिपा आणि घराच्या कर्जाचे कागद दिले ते आम्ही आपणहून. जानेवारीपासून फीवर २० टक्के व्हॅट बसला, तेव्हा बाबाने रात्री बसून आकडेमोड पुन्हा केली आणि तरीही हो म्हणालो, तेही आम्हीच. ते तुझ्याकडून वसूल करायचं नव्हतं, फर्दर मॅथ्सच्या रूपाने तर नाहीच.

पण राग कशाचा आला होता ते ऐक. मंगळवारी मी तुझ्या ट्यूटरना फोन केला. वेळापत्रकात रिकामे चौकोन एकदम कसे वाढले, एवढंच विचारायचं होतं. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, की तुमच्या मुलीशी माझं सविस्तर बोलणं झालंय, पण ते तिनेच तुम्हाला सांगावं अशी तिची इच्छा आहे. फोन ठेवला आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली. सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट शाळा तिच्या आईपासून जपते, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

आणि त्याच आठवड्यात तुझा मेसेज आला होता, की आजीने विणलेला निळा स्वेटर तू टंबल ड्रायरमध्ये टाकलास आणि तो आता टेडीला बसेल. फोटोसकट! स्वेटरचं पाच मिनिटांत कळवलंस आणि एक अख्खा विषय सोडल्याचं दहा दिवस नाही. म्हणजे स्वेटरवरून मी हसेन याची तुला खात्री होती. दुसऱ्या गोष्टीची नव्हती. हे मला फार लागलं. तुझी खात्री चुकीची नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

माझी अकरावी तुला माहीत आहे. १९९४ साली साताऱ्याहून पुण्याला आले, हॉस्टेलवर. संध्याकाळी सातला फाटक बंद. एक दिवस बाहेर राहायचं तर लोकल गार्डियनची सही. रविवारी एसटीडी बूथवर रांग, आणि मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत घरी खुशाली सांगायची. मला मराठी आणि इतिहास आवडायचा, पण नव्वद टक्क्यांच्या वरच्यांनी सायन्सलाच जायचं, असं ठरलेलंच असे. कुणी ठरवलं हे विचारायची पद्धत नव्हती. इंजिनिअरिंगचा फॉर्म आजोबांनी भरला, मी खाली सही केली. पहिला पगार झाला त्या दिवशी बँकेत पैसे भरायची स्लिप मला धड भरता येईना. तेवीस वर्षांची होते मी! काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, रकमेच्या जागी नाव लिहिलंत."

तुमच्याकडे उलटी तऱ्हा. फिजिक्स, मॅथ्स आणि हिस्टरी एकाच ताटात. अंगावर युनिफॉर्म नाही, पण रोज सूट घालायचा आणि इस्त्री आपली आपण करायची. मी ओळखीतल्या बायकांना 'ती अकरावीला आहे' असं सांगते खरं, पण ही अकरावी नव्हे. आमच्या अकरावीत आम्हाला रिकामा तास मिळाला की तो चुकून मिळालेला असायचा. तुमच्याकडे तो मुद्दाम ठेवलाय. त्यातले काही तुम्ही टोस्ट खाण्यात घालवणार हेही त्यांना ठाऊक आहे. पहिल्या सत्रात घालवा, निदान शाळेतल्या एखाद्या परीक्षेत आपटा, आणि मग शिका, असा त्यांचा हिशोब दिसतो. मला तो पटायला वेळ लागतोय. पटला असं अजून म्हणत नाही.

ईपीक्यूसाठी, म्हणजे त्या स्वतंत्र प्रकल्पासाठी, तू बोरघाटाची रेल्वे घेतलीस हे ऐकून मात्र मी खुर्चीतून उठले. खंडाळ्याच्या त्या चढणीवरून मी किती वेळा गेले असेन, पण १ इंच चढायला ३७ इंच लागतात असा तो चढ आहे, किंवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याच्या बायकोने, ॲलिसने पुढे नेलं, हे मला तुझ्याकडून कळलं. १८६३ मध्ये गाडी घाट चढली तोवर मजूर किती मेले, त्यावर थांब. तो भाग घाईत उरकू नकोस. बस, एवढंच. मी पुस्तकं शोधून पाठवणार होते, यादीही केली होती. ती फाडली. ईपीक्यूत नुसत्या निबंधाला नाही, तर तू काम कसं आखलंस, कुठे फसलीस, त्याच्या नोंदींनाही मार्क असतात म्हणे. माझं फसणं त्यात कशाला?

आता कामाचं. तुझ्या जन्मानंतर सरकारने २५० पौंडांचं व्हाउचर दिलं होतं, त्या चाइल्ड ट्रस्ट फंडाचे कागद हिरव्या फायलीत आहेत. सोळाव्या वर्षापासून ते खातं तू सांभाळायचं, पैसे अठराव्याला. नॅशनल इन्शुरन्स नंबरचं पत्रही तिथेच. दोन्ही सुट्टीत घेऊन जा. डॉक्टरकडेही आता तुझी संमती तुझीच चालते, मला विचारावं लागत नाही. हे मला नर्सबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना माझी दया आली असावी.

पुढच्या वर्षी यूकासचा, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचा, फॉर्म भरशील, तेव्हा 'नॉमिनेटेड ॲक्सेस' असा एक रकाना येईल. तिथे ज्याचं नाव घालशील त्याच्याशीच ते तुझ्या अर्जाबद्दल बोलतात. नाव नसेल तर आईने कितीही फोन केले तरी उपयोग नाही. माझं घाल, बाबाचं घाल, कुणाचंच घालू नकोस. मी विचारणार नाही. (विचारलं तर हे पत्र दाखव.)

फर्दर मॅथ्स का सोडलंस ते मात्र ऐकायचंय. उलटतपासणी म्हणून नाही. इंजिनिअरिंगला पुढे अडेल का, हे तू ट्यूटरना विचारलं असशीलच. काय म्हणाल्या, ते सांग. यंदा दिवाळी नेमकी तुझ्या सुट्टीत आलीय, चकलीची भाजणी साताऱ्याहून आली आहे. तळताना बोलू.

तेव्हा आजीला व्हिडिओ कॉल करायचाच आहे. ती पहिला प्रश्न स्वेटरचाच विचारणार. ते तिला तू सांगायचंस. मी मध्ये पडणार नाही.

तुझी,
आई